एकच प्याला (पेपरबॅक) – तळीरामासाठी मागवलं, पैसे वसूल

दर ३१ डिसेंबरला पेपरात "तळीरामांवर कारवाई" वाचायचो पण हा तळीराम मुळात कोण हे कधी बघितलंच नव्हतं, शेवटी ऑनलाइन मागवलं. गडकऱ्यांचं नाटक, ते गेले जानेवारी १९१९ मध्ये आणि त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने हे रंगभूमीवर आणलं, नायिका सिंधूच्या भूमिकेत अर्थात बालगंधर्व. मला वाटायचं तळीराम म्हणजे हिरो, तर तसं नाहीये, हिरो वकील सुधाकर आणि तळीराम त्याचा कारकून, पण पहिला प्याला पाजणारा हाच! वर आर्य मदिरा मंडळ काढतो, मीटिंगा काय, भाषणं काय, एक नंबर. त्याच्या आजारपणात डॉक्टर आणि वैद्य भांडत बसतात तिथे तर मी लोकलमध्ये एकटाच हसत होतो. सुधाकर बिचारा इतका पितो तरी कुणी दारुड्याला 'सुधाकर' म्हणत नाही, नाव चिकटलं ते कारकुनाचंच.

भाषा जड आहे, सिंधूची लांबलचक वाक्यं मी सरळ पळवली. विक्रेत्याने पॅकिंगच्या नावाखाली नुसती पातळ पिशवी दिलेली, कोपरे दुमडून आले, म्हणून एक स्टार कापला. टाइप पण बारीक, आईला चष्मा लावूनही जमेना.