बाटली खरी, माल खोटा

310 पौंड गेले. आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझी कीव करण्यात वेळ न घालवता तुम्ही स्वतःचा खिसा चाचपाल.

ग्लासगोत मला नऊ वर्षं झाली. धुराच्या व्हिस्कीचा नाद इथेच लागला. स्कॉटलंडच्या पश्चिमेला जे बेट त्यासाठी प्रसिद्ध आहे, त्याचा उच्चार 'आयला'. (किंमत ऐकली की मराठी माणूसही तेच म्हणतो.) दलदलीत हजारो वर्षं साचलेला वनस्पतींचा गाळ म्हणजे पीट. तो जाळून त्याच्या धुरावर बार्ली वाळवतात आणि तो धूर दाण्यात मुरतो. मी मूळचा अलिबागचा. पहिल्यांदा या बेटावरची आर्डबेग नाकाशी नेली तेव्हा निखाऱ्यावर सुका बोंबील भाजतायत आणि शेजारी कुणीतरी जखमेला आयोडीन लावतंय असं वाटलं. बायकोने हुंगून "आयोडेक्स!" म्हटलं आणि ग्लास परत दिला. मी मात्र अडकलो.

आर्डबेगच्या नेहमीच्या माल्टमध्ये, म्हणजे धुरावर वाळवलेल्या बार्लीत, फिनॉल (धुराचा वास देणारी रसायनं) साधारण 55 पीपीएम, म्हणजे दहा लाखांत 55 भाग. 'सुपरनोव्हा' या मर्यादित आवृत्तीसाठी ते 100 च्या वर नेलेलं. हा आकडा वाळवलेल्या बार्लीचा असतो, बाटलीतल्या व्हिस्कीचा नाही. विकणारे ते सांगत नाहीत आणि घेणारे विचारत नाहीत. 2015 ची सुपरनोव्हा, 54.3 टक्के, मी एका बारमध्ये एक पेग घेऊन चाखली होती. तेव्हापासून ती कपाटात हवीच होती.

ऑनलाइन ओळख झालेला एक गृहस्थ म्हणाला, वडिलांचा संग्रह मोडतोय. फोटो झकास. पेटी, लेबल, काचेवरचा लॉट नंबर, सगळं मी मोठं करून पाहिलं आणि सगळं बरोबर होतं. लिलावात घेतली असती तर वर कमिशन पडलं असतं. लिलाववाले बाटली हातात घेऊन तपासतात त्याचेच ते पैसे, पण मी त्याला लूट म्हणायचो. पैसे 'मित्र-नातेवाईक' या पर्यायाने पाठव म्हणाला, फी वाचते. पाठवले. त्या पर्यायात खरेदीदाराला कसलंही संरक्षण नसतं, हे मला माहीत होतं. माहीत असूनही पाठवले, कारण आणखी दोघेजण विचारतायत असं त्याने सांगितलं होतं.

बाटली आली. बूचावरच्या आवरणाला मागच्या बाजूला एक बारीक सुरकुती होती, साडीची निरी नीट बसली नाही की दिसते तशी. माझ्याकडच्या आर्डबेगच्या दुसऱ्या बाटल्यांवर आवरण टोकापर्यंत ताणून बसलेलं. हे मी पाहिलं आणि सोडून दिलं.

दिवाळीत सांगलीचा मित्र आला, चकण्याला घरचा चिवडा होता, उघडली. धूर होता, पण लांबच्या शेतातून येतो तसा. मित्र शहाणा, म्हणाला, "अरे, हिला साध्या आर्डबेगशेजारी ठेवून बघ." साधी दहा वर्षांची आर्डबेग 46 टक्क्यांची असते, थंड करून गाळलेली नसते. दोन्ही ग्लासांत पाणी घालून फ्रीजमध्ये ठेवले. अर्ध्या तासाने साधी धुकं पडल्यासारखी गढूळ झाली होती, कारण तिच्यातले तेलकट घटक गारव्यात वेगळे होतात. सुपरनोव्हाही न गाळलेलीच असते, तीही गढूळ व्हायला हवी होती; ती मात्र नळाच्या पाण्यासारखी स्वच्छ. दुसऱ्या दिवशी ओळखीतल्या एकाचा अल्कोहोलमीटर आणून बाटलीतल्या मालात सोडला. 54 च्या जागी 40. स्कॉचला कायद्याने लागतं तेवढंच. म्हणजे दुकानातली कुठलीतरी धुराची व्हिस्की भरून वर नवं आवरण गरम हवेने आवळलेलं. बाटली, लेबल, नंबर अस्सलच, म्हणून फोटोत काही सापडलं नाही.

नंतर शोधलं तेव्हा कळलं की 2018 मध्ये इथून जवळच, ईस्ट किलब्राइडच्या प्रयोगशाळेत दुर्मिळ म्हणवणाऱ्या 55 बाटल्या तपासल्या होत्या आणि त्यांतल्या 21 बनावट किंवा लेबलवर छापलेल्या सालच्या नसलेल्या निघाल्या. तिथे व्हिस्कीचं वय ठरवायला किरणोत्सारी कार्बन मोजावा लागला. माझ्या बाटलीला फ्रीज पुरला.

गृहस्थाचं खातं गायब. पोलिसांकडे तक्रार केली, तक्रार क्रमांक मिळाला, पुढे काही नाही. पैसे पाठवताना मीच 'मित्र' निवडलं होतं, त्यामुळे तिथेही दाद लागली नाही. आता मी कुणाकडूनही खासगीत घेत नाही, आणि घेतलीच तर आधी आवरणाच्या मागच्या बाजूचा, बूचाजवळून आणि दिवसाउजेडात काढलेला फोटो मागवतो. यावर टाळाटाळ झाली की बोलणं तिथेच बंद.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. गेल्या वर्षी त्याच बेटावरच्या लागाव्हुलिन व्हिस्कीच्या एका मर्यादित आवृत्तीची रिकामी बाटली मीच 25 पौंडांना विकली होती, पेटीसकट. घेणारा म्हणाला, टेबलावरचा दिवा करायचाय. बूच त्याने आवर्जून मागून घेतलं. दिव्याला बूच कशाला लागतं, हे मला तेव्हा सुचलं नाही.