‘समकक्ष’ या एका शब्दाचे मी 64,900 रुपये मोजले

बडोद्यात दांडिया बाजारात माझा दवाखाना आहे. एमबीबीएस झाल्यावर जो इथे बसलो तो बसलोच, त्याला 31 वर्षं झाली. खोकला, ताप, बीपी, शुगर, मुलांचे जुलाब, सासूबाईंचे गुडघे. या वयात कुणी मला गंडवेल असं वाटलं नव्हतं. औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींना, म्हणजे एमआरना, बोलण्यात हरवणारा माणूस मी.

आधी पार्श्वभूमी सांगतो, म्हणजे मी किती बावळट ते नीट ठरवता येईल. 2002च्या वैद्यकीय आचारसंहितेत डॉक्टरने दर पाच वर्षांत निदान 30 तास सीएमई, म्हणजे पुढचं वैद्यकीय शिक्षण, करावी असं लिहिलेलं आहे. आमच्याकडे राज्याच्या मेडिकल कौन्सिलमधल्या नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी, आणि त्या वेळी या तासांचा हिशेब द्यावा लागतो. माझी मुदत नोव्हेंबर 2025ची आणि खात्यात तास 14. कोविडनंतर मी रविवारी घराबाहेर पडायचंच सोडलं होतं.

त्यात दुसरी एक टोचणी होती, ती जास्त खरी. मार्च 2025मध्ये एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या औषधाचं पेटंट संपलं आणि आठवडाभरात माझ्या टेबलावर निरनिराळ्या कंपन्यांच्या त्याच गोळीचे सॅम्पल जमले. महाग म्हणून मी जे औषध लिहीत नव्हतो ते एकदम रिक्षावाल्याच्या खिशाला परवडू लागलं. ते कुणाला द्यावं, कुणाला देऊ नये, मला नीट माहीत नव्हतं. आम्ही शिकलो ते ग्लिबेनक्लामाइडच्या जमान्यात. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, पुढे इन्सुलिनसाठी चिठ्ठी, एवढ्यावर माझी गाडी चालली होती.

अशा वेळी एका बाईचा फोन आला. जुलैतली दुपार, बाहेर पाऊस.

“नमस्कार सर, तुम्ही दांडिया बाजारातले ना? माझी आत्या खारीवाव रोडला राहते.”

बडोद्यात अनोळखी नंबरवरून मराठी कानावर आलं की माणूस विरघळतो, हे तिला माझ्याआधी ठाऊक होतं. दिवसभर गुजरातीत बोलणाऱ्याला ‘सर, जेवण झालं का’ एवढं पुरतं. तिला माझा नोंदणी क्रमांक माहीत होता, आणि मुदत जवळ आलीय हेही. मला वाटलं, अधिकृत असणार. पण डॉक्टरांची नोंदवही ऑनलाइन कुणालाही पाहता येते; त्यातलं नोंदणीचं वर्ष धरून पाच-पाच मोजले की झालं. हे नंतर माझ्या मुलीने दोन मिनिटांत करून दाखवलं.

कोर्स होता ‘फेलोशिप इन डायबिटीस’. सहा महिने, घरबसल्या, परदेशी मान्यता, वर 30 क्रेडिट अवर्स. फी 55,000, त्यावर 18 टक्के जीएसटी 9,900, एकूण 64,900. मी म्हटलं, एवढे एकदम नाही जमायचे. ती म्हणाली, “सर, तुमच्यासाठी बारा हप्ते, व्याज शून्य.”

पुढची दहा मिनिटं मी आजही विसरत नाही. समोर एक बाई तापलेलं मूल मांडीवर घेऊन बसली होती. मी एका हाताने त्याच्या काखेत थर्मामीटर धरला होता आणि दुसऱ्या हातातल्या मोबाइलवर येणारे ओटीपी मोठ्याने वाचून दाखवत होतो. जवळचा चष्मा टेबलाच्या खणात. चार ओटीपी झाले. पहिल्याच मेसेजमध्ये ‘लोन अ‍ॅग्रीमेंट’ हे शब्द होते. मी फक्त सहा आकडे वाचले. मुलाला 102 ताप होता, तो मात्र बरोबर वाचला.

शिकवणीचं सांगतो. व्हिडिओ बरे होते, इतके बरे की मला संशयच यायला हवा होता. एका व्हिडिओत स्लाइडच्या कोपऱ्यात पांढरा चौकोन चिकटवलेला. वक्ता हलला की खालून कुठल्याशा परदेशी कॉलेजचं चिन्ह डोकवायचं. यूट्यूबवर फुकट असलेली भाषणं कापून लावली होती. प्रश्न विचारायला जागा नव्हती. परीक्षा 50 प्रश्नांची, मी अभ्यास करून दिली, पास झालो, घरी पेढे आणले. नंतर मुलीने माझ्याच लॉगिनने तीच परीक्षा पुन्हा दिली आणि एकही प्रश्न न वाचता सगळीकडे ‘सी’ टिकवला. तीही पास झाली. ती आर्किटेक्ट आहे.

सहा महिन्यांचा कोर्स सात आठवड्यांत उरकला, म्हणून मीच खूश. सप्टेंबरात सर्टिफिकेट आलं, सोनेरी किनार, दोन सह्या. मी पेंटरला बोलावून पाटीवर नावाखाली ‘मधुमेहतज्ज्ञ’ रंगवून घेतलं. 350 रुपये.

नूतनीकरणासाठी ते सर्टिफिकेट जोडलं तेव्हा कौन्सिलच्या समोरच्या माणसाने ते उलटसुलट पाहिलं आणि शांतपणे विचारलं, “साहेब, आमां काउन्सिलनो नंबर क्यां छे?”

नंबर कुठेच नव्हता. इंग्रजीत ओळ होती ती अशा अर्थाची, की हा कोर्स ‘30 क्रेडिट अवर्सशी समकक्ष’ आहे. समकक्ष कोण ठरवणार? त्यांचे तेच. क्रेडिट अवर्स कौन्सिलने त्या कार्यक्रमाला मान्यता दिली तरच मिळतात, आणि ती मान्यता कार्यक्रमाआधी घ्यायची असते. परदेशातला कुठलाही शिक्का लावला तरी तो इथल्या तासांत आपोआप बदलत नाही. पैसे भरण्याआधी मी मान्यतेच्या पत्राचा क्रमांक मागून स्वतः कौन्सिलला फोन केला असता तर प्रकरण तिथेच संपलं असतं. मी काय विचारलं होतं? ‘व्हॅलिड आहे ना?’ ती ‘हो’ म्हणाली.

पाटीचीही तीच कथा. ज्या शाखेची खास पात्रता नाही तिचा तज्ज्ञ म्हणवून घ्यायचं नाही, हे त्याच 2002च्या नियमांत 7.20मध्ये आहे. म्हणजे मी पैसे देऊन वर स्वतःच्याच विरुद्ध तक्रारीची सोय करून ठेवली होती.

संस्थेचा फोन बंद. पावतीवर पत्ता पुण्याचा होता. आमचे शेजारी कर सल्लागार आहेत, त्यांनी पावती हातात घेतली आणि विचारलं, “डॉक्टर, पुण्याची पावती आणि नंबर 09ने सुरू?” जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात, गुजरात 24, महाराष्ट्र 27, आणि 09 म्हणजे उत्तर प्रदेश. पोर्टलवर टाकला तर ती नोंदणी कधीचीच रद्द.

पण खरा फास हप्त्यांचा होता. मला वाटत होतं मी संस्थेला दरमहा पैसे देतोय, कोर्स खोटा निघाला, बंद करू. मी बँकेत जाऊन ई-मॅन्डेट, म्हणजे खात्यातून आपोआप हप्ता कापायची परवानगी, रद्द करायला निघालोच होतो, मुलीने अडवलं. हे हप्ते नव्हतेच, कर्ज होतं. एका फायनान्स कंपनीने माझ्या नावावर 64,900 मंजूर केले, सगळे पहिल्याच दिवशी संस्थेला दिले, आणि माझ्याकडून दर महिन्याच्या 5 तारखेला 5,409 वसूल करते आहे. मॅन्डेट तोडलं तर कर्ज तसंच राहतं, दंड चढतो आणि सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, बिघडतो. फायनान्स कंपनीचं म्हणणं, कोर्स कसा होता याच्याशी आमचा संबंध नाही. कर्जाच्या कागदांत सुरुवातीला थोड्या दिवसांची कूलिंग ऑफची मुदत असते, त्यात दंड न भरता माघार घेता येते. ते कागद माझ्या ईमेलला जुलैतच आले होते. मी ते ऑक्टोबरात उघडले.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पण तो नंबर पैसे गेल्यावर पहिल्या काही तासांत खरा कामाचा, माझे जाऊन तीन महिने झाले होते. फायनान्स कंपनीला लेखी तक्रार दिली, तीस दिवसांत धड उत्तर नाही, मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. जिल्हा ग्राहक आयोगातही अर्ज केला आहे. आपण राहतो त्या जिल्ह्यात तो करता येतो आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. निकाल लागेल तेव्हा लागेल. हप्ते भरतो आहे, दर वेळी ‘हरकत कायम ठेवून’ असा ईमेल टाकून.

सगळ्यात वाईट म्हणजे मी दोन महिने एकाही डॉक्टर मित्राला बोललो नाही. डॉक्टर फसला हे सांगायचं कसं? शेवटी एका मित्राजवळ बोललो तर तो गप्प झाला आणि म्हणाला, “मी पण.” त्याच्याकडून तिसरा कळला. आम्ही तिघे एकाच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज सकाळी सूर्योदयाचे फोटो टाकत होतो.

उरलेले 16 तास मी चार रविवार साध्या हॉलमध्ये बसून भरले. एसी गार, वरण पातळ, सही दोनदा. तिथे एका तरुण बाईने वीस मिनिटांत सांगितलं की एम्पाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांवरच्या पेशंटला उलट्या होत असतील तर ग्लुकोमीटरवर 180 दिसले तरी निर्धास्त राहू नका, कीटोन, म्हणजे शरीरात साचणारी आम्लं, बघा. आणि ठरलेल्या ऑपरेशनआधी गोळी तीन-चार दिवस बंद करा. सोनेरी किनारीच्या कोर्समध्ये हे नव्हतं. मी हात वर करून तीन प्रश्न विचारले.

पाटीवरचा शब्द पेंटरकडून खरडून घेतला, त्याचे त्याने आणखी 200 घेतले. दुसऱ्या दिवशी मांडवीकडच्या एक जुन्या काकू आल्या, पाटीकडे बघत आत शिरल्या आणि हळूच म्हणाल्या, “डॉक्टर, ते नवे शुगरवाले इथे बसायचे ते आता कुठे बसतात हो?”