गावरान कोंबड्या घ्यायच्या-विकायच्या कुठे: आठवडी बाजार, ग्रुपवरची बोली की सरकारी पिल्लं?

मुंबईत राहून मुरबाड, शहापूर, वाडा, कर्जत या पट्ट्यात ज्यांची थोडीफार जागा आहे आणि तिथे वीस-चाळीस कोंबड्या सोडायच्यात, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, पक्षी आणायचे कुठून. विकायचे कुठे हा प्रश्न सहा महिन्यांनी येतो आणि तो जास्त अवघड आहे, पण पहिलं उत्तर चुकलं असेल तर तोपर्यंत विकायला काही उरतच नाही. मी राहते भांडुपला, सासरची जागा मुरबाडच्या पुढे, शनिवार-रविवार आम्ही तिथे आणि बाकीचे दिवस सासूबाई सगळं बघतात. पाच वर्षांत सगळीकडून पक्षी आणून झालेत, सगळीकडे विकूनही झालेत, म्हणून लिहायला घेतलं.

एक आधीच सांगते, चिकनच्या दुकानातला पक्षी पाळायला आणू नका. तो ब्रॉयलर असतो, ३५-४० दिवसांत दोन किलो व्हायलाच बनवलेला, पुढे ठेवला तर स्वतःचं वजन पायाला पेलत नाही. आणि रस्त्यावर गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्लं मिळतात ती तर अजिबात नको, अंड्यांच्या जातीतले नर पिल्लू हॅचरीला नकोच असतात, ती तशी स्वस्तात बाहेर पडतात आणि बहुतेक आठवडाभरही जगत नाहीत. लहान मुलं हट्ट करतात, तरी नको.

आता आठवडी बाजार. सकाळी सातच्या आत पोचलात तर ठाकर, कातकरी बाया डालग्यात तीन-चार कोंबड्या घेऊन बसलेल्या दिसतील, पाय सुतळीने बांधलेले. इथे वजनकाटा नाही, भाव नगावर. लिलाव म्हणाल तर तो असा, की एका मावशीच्या डालग्याभोवती तिघं जण उभे, एक म्हणतो चारशे, मागून दुसरा साडेचारशे, मावशी काहीच बोलत नाही, तिसरा कोंबडी उचलून हातात तोलतो आणि खाली ठेवतो, आणि मावशी अजून गप्प. शेवटी पाचशेला कोणीतरी नोट पुढे करतो आणि ती सुतळी सोडते. मी गेल्या वर्षी तलंगा, म्हणजे अंड्यावर यायच्या बेतातल्या तरुण कोंबड्या, ४५० ते ५५० ला घेतल्या, तेच पक्षी गटारीच्या आधीच्या बाजारात सातशेच्या खाली कोणी देत नव्हतं.

पण खरा सौदा बाजारात होतच नाही, तो फाट्यावर होतो. व्यापारी पहाटेच टेम्पो लावून उभे असतात, पाड्यावरून चालत येणाऱ्या बायांना तिथेच गाठतात, बाजारात उन्हात बसण्यापेक्षा आत्ता पैसे घे आणि घरी जा असं म्हणून सगळे पक्षी एकदम उचलतात. लहान लेकरू घरी असलं, परतीची गाडी धरायची असली की ती बाई देऊन टाकते. नंतर तेच पक्षी आत बाजारात व्यापाऱ्याच्या जाळीत दिसतात, दहा पाड्यांचे दहा पक्षी एका जाळीत. मला हे दोन्ही बाजूंनी वाईट वाटतं, बाईला भाव मिळत नाही आणि घेणाऱ्याला जो पक्षी मिळतो तो आदल्या दोन तासांत कोणाकोणाला चिकटून बसला होता ते कळायला मार्ग नाही. त्यामुळे जाळीवाल्याकडून घेऊच नका, जिच्याकडे दोन-चारच पक्षी आहेत तिच्याकडून घ्या, कुठल्या पाड्यावरची, घरची आहे का, का विकतेस हे सरळ विचारा.

का विकतेस हा प्रश्न महत्त्वाचा. अंड्यावर आलेली कोंबडी कोणी उगाच विकत नाही. जूनमध्ये शाळेचा खर्च असतो, घरात आजारपण असतं, ती कारणं खरी असतात. पण कधीकधी पाड्यावर मर सुरू झालेली असते आणि उरलेल्या मरायच्या आत चार पैसे येऊ देत म्हणून बाजारात आणतात. दोष देता येत नाही, त्यांचा तेवढाच गल्ला असतो. तिसऱ्या वर्षी मी अशाच दोन आणल्या असणार, दिसायला एकदम ठणठणीत, आणून संध्याकाळी थेट खुराड्यात सोडल्या. आठव्या दिवशी सासूबाईंचा फोन आला की एक मान वाकडी करून गोल फिरतेय. मानमोडी. म्हणजे राणीखेत. पाच दिवसांत ३१ पैकी २२ मेल्या, त्यात सासूबाईंची सात वर्षांची काळी कोंबडी होती जिने शंभरच्या वर पिल्लं वाढवली असतील. नवीन पक्षी तीन आठवडे वेगळा ठेवायचा, त्याचं पाणी वेगळं, त्याला खाणं शेवटी घालायचं आणि चप्पलसुद्धा वेगळी, हे मला माहीत होतं आणि मी केलं नव्हतं.

बाजारात पक्षी हातात घेतल्यावर काय बघायचं ते सासूबाईंनी शिकवलंय. डोळा गोल आणि ओला हवा, पाणावलेला नको. पक्षी कानाजवळ धरून श्वास ऐका, घरघर असेल तर परत ठेवा. शेपटीखालची पिसं चिकटलेली, पांढरी-हिरवी घाण असेल तर नको. पायाचे खवले उचललेले असतील तर किडे आहेत, ते बरं होतं, भाव पाडून घ्यायला हरकत नाही. आणि अंड्यावर आहे की नाही बघायला शेपटीखालच्या दोन हाडांमध्ये बोटं ठेवून बघा, दोन-तीन बोटं मावली तर अंडी देतेय, एकच मावत असेल तर विकणारी काही म्हणो, अजून देत नाही किंवा बंद झालीये.

व्हॉट्सअ‍ॅप आणि फेसबुकच्या ग्रुपवरची बोली हा वेगळाच प्रकार. असील, ब्रह्मा, सिल्की असल्या शौकाच्या पक्ष्यांसाठी तो चालतो. फोटो आणि व्हिडिओ टाकतात, बेस इतकी, बोली शंभरने वाढवायची, रात्री दहाला बंद. नंतर पैसे आधी पाठवायचे आणि पक्षी लक्झरी बसच्या डिकीतून येतो. मला यातलं एकच आवडलं, की बोली सगळ्यांसमोर असते, कोणी किती लावली ते दिसतं, फाट्यावरच्या सौद्यासारखं अंधारात काही नाही. बाकी सगळं नुकसानीचं. फोटो कधीचा आहे माहीत नाही, पक्षी हातात घेता येत नाही, आणि मे महिन्यात दहा तास डिकीत आलेला पक्षी बघवत नाही. असीलच्या बोलीत भाव चढवणारे काही जण झुंजीसाठी घेणारे असतात, प्राण्यांच्या झुंजी लावणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, आपला पक्षी तिकडे जायला नको असेल तर असील या ग्रुपवर विकू नका. कडकनाथच्या जाहिरातीपण इथे फार येतात. कडकनाथ मूळ मध्य प्रदेशातल्या झाबुआचा, २०१८ ला त्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, पक्षी चांगला काटक आहे, पण आमच्याकडून पिल्लं घ्या आणि मोठे पक्षी आम्हीच परत विकत घेऊ अशी स्कीम दिसली तर लांब राहा. २०१९ ला अशाच स्कीममध्ये महाराष्ट्रातल्या कितीतरी शेतकऱ्यांचे पैसे अडकले.

जत्रेतल्या लिलावाचं दोन ओळीत, कारण माझं माहेर सिंधुदुर्गातलं आणि तिथे देवाला आलेल्या नारळ-कोंबड्याची पावणी, म्हणजे लिलाव, होते. तिथला कोंबडा बाजारभावाच्या वर जातो आणि जायलाच हवा, माणूस देवाच्या नावाने बोली लावतो. पाळायला पक्षी घ्यायची ती जागा नाही.

राहिली हॅचरीची आणि सरकारी पिल्लं. केंद्र सरकारच्या कुक्कुट विकास संघटनेचं पश्चिम विभागाचं केंद्र आपल्या आरे कॉलनीतच आहे, हे गोरेगावला जन्म गेलेल्या लोकांनाही माहीत नसतं. राज्य सरकारची अंडी उबवणी केंद्रं पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, नागपूरला आहेत. पिल्लांसाठी आधी नाव नोंदवावं लागतं, थांबावं लागतं, आणि हवी ती जात हव्या त्या आठवड्याला मिळेलच असं नाही. खाजगी हॅचरीवाले एक महिन्याची वाढवलेली पिल्लंपण देतात, महाग पडतात, पण मुंबईतून ये-जा करणाऱ्याने तीच घ्यावीत. एक दिवसाचं पिल्लू घेतलं तर पहिल्या आठवड्यात ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लांना ऊब द्यायच्या जागेत, ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी, आणि आमच्याकडे रात्री लाईट जाते. पहिल्या खेपेला एका रात्रीत १४ पिल्लं एकमेकांवर चढून चेंगरली, त्यानंतर मी एक दिवसाचं पिल्लू आणलेलं नाही.

इथे मोठा फायदा लसीचा. पहिल्या दिवशी मरेक रोगाची, पाचव्या-सातव्या दिवशी लासोटा म्हणजे राणीखेतची, दोन आठवड्यांच्या सुमारास गंबोरो रोगाची, चौथ्या आठवड्यात परत लासोटा, हे सगळं झालेला महिन्याचा पक्षी हातात येतो आणि त्याचा कागद मागता येतो. अंडीपण जास्त. आपली गावरान वर्षाला साठ-ऐंशी अंडी देते, हॅचरीच्या सुधारित जातींपैकी वनराजा शंभरच्या पुढे जाते, ग्रामप्रिया दीडशेच्याही वर.

मग बाजाराची गावरान कशाला हवी? कारण ग्रामप्रिया, वनराजा खुडूक बसत नाहीत. अंडी देतील, उबवणार नाहीत, म्हणजे दर वेळी पिल्लं विकत आणा. आणि त्यांच्याच अंड्यांतून पुढची पिढी काढली तर ती आईसारखी निघत नाही. गावरान २१ दिवस अंड्यांवरून हलत नाही, नंतर दोन महिने पिल्लं घेऊन फिरते, घार आली की एका आवाजात सगळी पंखाखाली. आमच्याकडे घारी आणि मुंगूस दोन्ही आहेत, ग्रामप्रिया उघड्यावर उभ्या राहून बघत बसतात. म्हणून पहिल्यांदा घेणाऱ्याला माझा सल्ला, एक महिन्याची, लस झालेली वीस-पंचवीस पिल्लं घ्या आणि ती अंड्यावर आली की मग बाजारातून तीन खुडूक बसणाऱ्या गावरान, त्याही तीन आठवडे वेगळ्या ठेवून. सगळा कळप बाजारातून उभा करू नका, स्वस्त वाटतं पण नाही.

विकताना गणित उलटं होतं. बाजारात रोख पैसे लगेच, पण आपण डालगं घेऊन बसलो की व्यापारी बघूनच ओळखतात की हे मुंबईचे, संध्याकाळी परत जायचंय, आणि भाव पाडून मागतात. दारात येणारा व्यापारी सगळ्यात कमी देतो पण म्हाताऱ्या कोंबड्याही नेतो. मुंबईत ओळखीत विकलं तर बाजाराच्या दीडपट सहज मिळतात, फक्त फ्लॅटमधल्या माणसाला जिवंत कोंबडा नको असतो, कापून, साफ करून हवा असतो, आणि कापून विकायचं म्हटलं की एफएसएसएआयचं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं, रजिस्ट्रेशन लागतं. आम्ही जिवंतच देतो, घेणारा जवळच्या दुकानात कापून घेतो. कोंबडे साताठ महिन्यांचे होतील असा हिशोब धरून पिल्लं काढायची, म्हणजे आषाढ संपता संपता गटारीला, नाहीतर गौरीच्या तिखट नैवेद्याला, नाहीतर डिसेंबरच्या शेवटी. श्रावणात आणि नवरात्रात विकायला जाऊच नका. घ्यायला मात्र श्रावण बरा, भाव उतरलेले असतात, पण पावसात रक्ती हगवण असते म्हणून तेव्हा वेगळं ठेवणं अजून कडक हवं. खरं सांगायचं तर आम्हाला पक्ष्यांपेक्षा अंड्यांनी जास्त दिलंय, भांडुपच्या दोन सोसायट्यांत दर सोमवारी जितकी आणू तितकी जातात.

आणि बर्ड फ्लूची बातमी आली की सगळे रस्ते एकदम बंद होतात हे धरून चाला. २०२२ च्या फेब्रुवारीत शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीला निघाला तेव्हा एक किलोमीटरच्या आतले सगळे पक्षी मारले होते. आमच्याकडे काही झालं नाही तरी दीड महिना कोणी अंडंही घेतलं नाही. खाद्याचे दोन महिन्यांचे पैसे बाजूला असल्याशिवाय चाळीसच्या वर जाऊ नका.

सध्या मी बाजारातही जात नाही. ज्या मावशीकडून खुडूक कोंबड्या घेतल्या होत्या ती आता विकायच्या आधी सासूबाईंना फोन करते, आम्ही तिच्या पाड्यावर जाऊन तिच्या अंगणातच बघून घेतो आणि बाजारात मिळाले असते तेवढे पूर्ण पैसे देतो, फाट्यावरचा भाव नाही. लासोटाची बाटली निदान शंभर डोसची येते आणि कालवली की दोन तासांत संपवावी लागते, आमच्या चाळीस पक्ष्यांना अर्ध्याहून जास्त फुकट जायची. आता तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून तारीख ठरवतो, बर्फाच्या डब्यातून बाटली पाड्यावर नेतो, आमच्या चाळीस, मावशीच्या पंचवीस आणि तिच्या शेजारच्या दोन घरच्या, सगळ्यांच्या डोळ्यात एकेक थेंब, अंधार पडल्यावर, कोंबड्या खुराड्यात बसलेल्या असताना.