घास अडकून माणूस गेला: पोलीस ठाणं, ग्राहक आयोग की दिवाणी कोर्ट?

माझे मामा गेले तेव्हा त्यांच्या पलंगाच्या डोक्याशी भिंतीला एक कागद सेलोटेपने चिकटवलेला होता. 'पोळी-भाजी मिक्सरमधून काढून. पाणी घट्ट करून. बसवूनच भरवणे.' अर्धांगवायूनंतर रुग्णालयाने दिलेला सल्ला मामीने स्वतःच्या अक्षरात लिहून लावला होता. त्याच कागदाखाली, टेबलावरच्या ताटलीत पोळीचे कोरडे तुकडे होते. ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या त्या केअर सेंटरमधून फोन आला तो एवढाच, "काकांना ठसका लागलाय, तुम्ही या." आम्ही पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

पुढचे काही दिवस भेटायला येणारा प्रत्येक जण वेगळी वाट सांगत होता. एफआयआर करा, ग्राहक मंचात जा, दिवाणी दावा लावा, महापालिकेत तक्रार करा. या वाटा कुठे नेतात, हे समजायला आम्हाला दीड महिना लागला. ज्यांच्यावर ही वेळ आली आहे त्यांचा तो दीड महिना वाचावा म्हणून लिहितेय.

पोलिसांकडे जायचं की नाही, याचा मात्र विचार करत बसू नका. पहिल्या काही तासांत जायलाच हवं, कारण पोस्टमॉर्टेम. केअर सेंटरचे ओळखीचे डॉक्टर दाखल्यावर 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट' लिहून देतात. हृदय आणि श्वास मरताना प्रत्येकाचेच बंद पडतात. ते कशामुळे बंद पडले, हे त्या तीन शब्दांतून कळत नाही. अंत्यसंस्कार झाले की मग शोधायला काही उरत नाही. म्हणून 112 ला फोन करा आणि आकस्मिक मृत्यूची नोंद घ्यायला सांगा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 खाली पोलीस पंचनामा करून मृतदेह शवविच्छेदनाला पाठवतात. श्वासनलिकेत अन्न सापडलं तर तसं अहवालात येतं, आणि तो कागद पुढे प्रत्येक दारात उपयोगी पडतो. मामीला हे नको होतं. "आता तरी त्यांना हात लावू नका," म्हणत ती रडत होती. माझ्या मामेभावाने तिला समजावलं. आज ती स्वतःच सांगते की तो अहवाल नसता तर आमचं कुणी ऐकलंच नसतं.

आता खरा प्रश्न: लढायचं कुठे?

फौजदारी वाटेवर गुन्हा लागतो तो निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा, भारतीय न्याय संहिता कलम 106(1). जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम 304-अ मध्ये जास्तीत जास्त 2 वर्षं शिक्षा होती. 1 जुलै 2024 पासून ती 5 वर्षांपर्यंत वाढली आहे. नोंदणीकृत डॉक्टरकडून उपचार करताना असं घडलं तर मर्यादा अजूनही 2 वर्षंच आहे. पोलीस आधी 14 दिवसांची प्राथमिक चौकशी करू शकतात. पोलीस ठाण्यात दाद लागली नाही तर वरिष्ठांना लेखी अर्ज द्या, तिथेही नाही झालं तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. आरोपी डॉक्टर असेल तर 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालाची आठवण ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने त्यात सांगितलं की फौजदारी खटल्याला साधी चूक पुरत नाही, निष्काळजीपणा घोर असावा लागतो, आणि आधी तज्ज्ञ डॉक्टरचं मत घ्यावं लागतं. पुरावाही संशयाला जागा न ठेवणारा लागतो.

मला या वाटेची सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट वेगळी आहे. आरोपी म्हणून पुढे येते ती सेंटरमधली भरवणारी मावशी. मामांना भरवणारी बाई त्या रात्री एकटी होती, अख्ख्या मजल्याला. गिळायला त्रास असलेल्या माणसाला ताठ बसवायचं, हनुवटी किंचित खाली ठेवायची, एक घास गिळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही, जेवल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही, हे तिला कधी कुणी शिकवलं नव्हतं. घास अडकल्यावर पाठीवर पाच थापा आणि पोटावर पाच दाब द्यायचे, हेही नाही. तिला तुरुंगात पाठवून मला काय मिळणार होतं? एका बाईवर मजला सोपवणारे मालक त्या खटल्यात सहज बाजूला राहतात. अर्थात मारहाण, बांधून ठेवणं, जाणूनबुजून उपाशी ठेवणं असं काही असेल तर फौजदारी वाट सोडू नका.

ग्राहक आयोगात, म्हणजे जुन्या ग्राहक मंचात, हे चित्र उलटं होतं. तिथे समोर संस्था उभी राहते, नोकराच्या चुकीसाठी मालक जबाबदार. 1995 च्या व्ही. पी. शांता निकालापासून पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, आणि दरमहा फी घेणाऱ्या केअर सेंटरची सेवाही सेवाच. ग्राहक हयात नसला तर वारस तक्रार करू शकतो. वकील सक्तीचा नाही. 2019 च्या कायद्यामुळे तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार लावता येते, म्हणजे सेंटर कर्जतला आणि तुम्ही ठाणे शहरात असाल तरी खेटे ठाण्यातच. तक्रार ऑनलाइनही भरता येते.

शुल्क तुम्ही किती भरपाई मागता यावर नाही, सेवेपोटी किती पैसे भरले त्यावर ठरतं. महिना 25,000 रुपयांनी 14 महिने भरले असतील तर झाले साडेतीन लाख. 5 लाखांपर्यंत शुल्क शून्य. 50 लाखांपर्यंत जिल्हा आयोगच. पुराव्याचा निकषही वेगळा, कोणती बाजू जास्त संभवनीय हे बघतात. शिवाय 2010 च्या किशन राव निकालाने सांगितलं आहे की प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाची साक्ष लागतेच असं नाही. भिंतीवर 'मिक्सरमधून काढून' आणि ताटात कोरडी पोळी, हे समजायला तज्ज्ञ कशाला हवा?

याही वाटेवर काटे आहेत. कायद्यात 3 ते 5 महिन्यांची मुदत लिहिली असली तरी तारखा वर्षानुवर्षं चालतात, ही तयारी ठेवा. कुणाकडूनच पैसे न घेणारा धर्मादाय वृद्धाश्रम असेल तर ही वाट बंद. आणि तक्रार घटनेपासून 2 वर्षांच्या आत लावायची. प्रवेशाच्या वेळी 'काही झाल्यास संस्था जबाबदार नाही' यावर सही केली म्हणून घाबरू नका. निष्काळजीपणाची जबाबदारी एका छापील ओळीने झटकता येत नाही. करारात लवादाचं (वाद कोर्टाबाहेर खाजगी पंचाकडे नेण्याचं) कलम असलं तरी आयोगात जाता येतं.

दिवाणी दावा 1855 च्या प्राणघातक अपघात कायद्याखाली लागतो. मृत्यूपासून 2 वर्षांची मुदत, आणि भरपाई पती-पत्नी, आईवडील-आजीआजोबा आणि मुलं-नातवंडं यांच्यासाठीच. कोर्ट फी मागणीच्या रकमेवर. नुकसान मोजताना गेलेला माणूस घराला काय कमावून देत होता हे आधी बघतात, त्यामुळे 78 वर्षांच्या निवृत्त माणसाच्या बाबतीत आकडा फार वाढत नाही. मोफत सेवा देणाऱ्या संस्थेविरुद्ध मात्र हीच वाट उरते.

महापालिकेकडे तक्रार केली तर पैसे मिळत नाहीत, पण नोंदणीवर घाव बसू शकतो. 1949 च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्यात केवळ आजारीच नव्हे, दुर्बल माणसांना ठेवून शुश्रूषा करणारी जागाही येते; तुमचं सेंटर नोंदलेलं आहे का, हे माहितीच्या अधिकारात विचारा. सेंटर न्यासाचं (ट्रस्टचं) असेल तर धर्मादाय आयुक्त, डॉक्टरविरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या न्यायाधिकरणाकडे मात्र चकरा मारू नका. ते निर्वाहभत्त्यासाठी आहे, मृत्यूच्या भरपाईसाठी नाही. आमचे दोन आठवडे तिथे गेले.

पोलीस तपास आणि ग्राहक आयोग एकाच वेळी चालू शकतात. आम्ही तेच केलं, आणि तुमचं प्रकरण आमच्यासारखं असेल तर मी तेच सांगेन: पोस्टमॉर्टेमसाठी पोलीस, लढाईसाठी आयोग, जोडीला महापालिकेत एक अर्ज. खर्च झेपत नसेल तर ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. मामीला तसाच मिळाला.

वाट कुठलीही धरा, पहिल्याच आठवड्यात सेंटरला स्पीड पोस्टाने लिहा की सीसीटीव्हीचं चित्रीकरण, पाळीचं रजिस्टर आणि आहाराची नोंद जपून ठेवा. जुन्या चित्रीकरणावर नवं चढत जातं. कर्मचाऱ्यांचे व्हॉट्सॲप मेसेज ज्या फोनवर आले तो फोन विकू नका, इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्राच्या वेळी तो लागतो. रुग्णालयाच्या जुन्या डिस्चार्ज कार्डावर आहाराचा सल्ला असेल तर ते वेगळं काढा.

मामी सुरुवातीला म्हणायची, "मला पैसे नकोत." तक्रार वाचून दाखवल्यावर तिने वकीलबाईंना एकच विचारलं, निकालात त्यांची चूक होती असं लिहून येईल का? येतं, सेवेत त्रुटी झाली की नाही हे आयोगाला आधी ठरवावंच लागतं. मग तिने पर्समधून तो भिंतीवरचा कागद काढला. मामा गेले त्या दिवशीच तिने तो सेलोटेपसकट सोलून आणला होता.