मशीनचे तीन गार्ड, आठ महिने वापरून झाल्यावर

मी मेंटेनन्सला आहे. गार्ड, म्हणजे मशीनच्या फिरत्या भागावरचं संरक्षक झाकण, आला की बसवतो मीच, आणि ग्रीसिंगला, बेल्ट ताणायला, बेअरिंग बदलायला तो काढतोही मीच. त्यामुळे गार्ड कसा आहे ते मला कॅटलॉगमधल्या फोटोवरून नाही, स्पॅनर हातात घेतल्यावर कळतं. आठ महिन्यांपूर्वी आम्ही तीन ठिकाणचे गार्ड बदलले: कन्व्हेयरचा टेल ड्रम (बेल्ट जिथून वळून परत फिरतो तो शेवटचा रोलर), प्लास्टिकचं स्क्रॅप दळणारा ग्राइंडर आणि वर्कशॉपमधला लेथ. तिन्ही वेगवेगळ्या सप्लायरकडून घेतले.

टेल ड्रमचं आधी सांगतो, कारण तिथे आमचा माणूस जखमी झाला होता. जुना गार्ड म्हणजे सहा बोल्टचा साधा पत्रा, आणि ग्रीस निपल, म्हणजे ग्रीस भरायचं तोंड, त्या पत्र्याच्या आत. दर आठवड्याला ग्रीस मारायचं तर सहा बोल्ट काढा, सहा लावा. सहाचे चार झाले, चाराचे दोन, मग बाइंडिंग वायर आली. एके दिवशी पत्रा भिंतीला टेकवून ठेवला तो तिथेच राहिला. तो टेकवून ठेवणाऱ्यांत मीही होतो. एका संध्याकाळी हेल्पर पोरगा ड्रमला चिकटलेला माल चालू बेल्टवरच काढायला गेला. आधी हातमोजा गेला, त्यामागून बोटं. दोन बोटं मोडली. तो कामावर परत आला, पण आजही बोल्ट आवळताना स्पॅनर डाव्या हातात घेतो.

बेल्टचा वेग सेकंदाला एक मीटर. आपला हात ओढला जातोय हे ध्यानात येऊन तो मागे घेईपर्यंत साधारण पाव सेकंद जातो. तेवढ्यात बेल्ट २५ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. "सांभाळून काम कर" असं कितीही वेळा सांगा, तो पाव सेकंद काही कमी होत नाही.

नवा गार्ड जाळीचा मागवला. पहिला आला त्याची भोकं ४० मिलिमीटरची चौकोनी होती आणि जाळी ड्रमच्या धोक्याच्या जागेपासून ९० मिलिमीटरवर बसत होती. मशीन बंद करून, आयसोलेटरला (मशीनची वीज तोडणाऱ्या मुख्य स्विचला) कुलूप लावून मी जाळीतून बोटं घातली. ती ड्रमला टेकली. आयएसओ १३८५७ या आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानकात याचा तक्ताच आहे: ४० मिलिमीटरच्या चौकोनी भोकाला किमान २०० मिलिमीटर अंतर हवं, २० मिलिमीटरला १२०, १२ मिलिमीटरला ८०. आमच्याकडे जागाच ९० ची, म्हणजे १२ च्या वर जाता येत नव्हतं. सप्लायर म्हणाला, "सगळे हीच जाळी नेतात." मी तक्ता दाखवला आणि गार्ड परत केला. दुसरा आला तो १२ ची जाळी लावून, आणि तो मात्र फार विचार करून बनवलाय. बेअरिंगपासून तांब्याची नळी काढून ग्रीस निपल गार्डच्या बाहेर आणलेत. आता ग्रीस मारायला गार्डला हातही लावावा लागत नाही, बेल्टही थांबवावा लागत नाही. बोल्ट सैल केले तरी गार्डमध्येच अडकून राहतात, खाली पडून हरवत नाहीत. आणि बोल्ट न लावता गार्ड नुसता जागेवर ठेवू म्हटलं तर राहत नाही, पुढे कलतो. कायम बसवायच्या गार्डबद्दल आयएसओ १४१२० मध्ये या गोष्टी दिल्यात, पण प्रत्यक्ष हातात आल्यावर त्यामागचं कारण पटलं. आठ महिन्यांत हा गार्ड दोनदाच निघाला, दोन्ही वेळा बेल्टच्या कामासाठी, आणि त्याच शिफ्टमध्ये परत बसला. असाच दुसरा मी डोळे झाकून घेईन, फक्त जाळीचं माप आणि ड्रमपासूनचं अंतर ऑर्डरवर लिहून.

ग्राइंडरच्या दाराने मात्र त्रास दिला. दाराला साधा चुंबकाचा स्विच होता: दार उघडलं की चुंबक लांब जातो आणि मोटरचा सप्लाय तुटतो. दोन आठवड्यांनी साफसफाई करताना मला स्विचला काळ्या टेपने चिकटवलेला एक सुटा चुंबक सापडला. ऑपरेटरला मी आधी कारण विचारलं. तो म्हणाला, मशीन चालता चालता आपोआप बंद पडतं, शिफ्टमध्ये पंधरा-वीस वेळा. ते खरं होतं. ग्राइंडरच्या हादऱ्याने बिजागरी ढिली होऊन दार चार मिलिमीटर खाली बसलं होतं, आणि स्विचला चुंबक कधी दिसायचा, कधी नाही. माणसाला दोष देऊन तो चुंबक परत लागलाच असता. आम्ही बिजागरी बदलली, दाराला खालून आधाराची पट्टी दिली, आणि स्विच कोडवाला घेतला. तो फक्त स्वतःच्या जोडीदाराला ओळखतो, सुटा चुंबक लावून फसत नाही. आयएसओ १४११९ मध्ये याला टाइप ४ म्हणतात. घेताना "हाय कोडिंग" असं स्पष्ट सांगा, कारण सगळ्या नगांचा कोड एकच असेल तर स्टोअरमधला दुसरा नग लावूनही काम भागतं.

पण एवढ्याने पुरत नव्हतं. मी मोबाइलवर वेळ लावून पाहिली: मोटर बंद केल्यावर रोटर (पाती बसवलेला फिरता भाग) थांबायला ३५ सेकंद लागतात. दार उघडायला दोन सेकंद पुरतात. म्हणजे सप्लाय तुटला तरी पाती फिरत असताना हात आत जाऊ शकत होता. अशा मशीनला दार धरून ठेवणारं लॉक लागतं, रोटर खरोखर थांबल्यावरच सुटणारं. आम्ही घेतलं ते स्प्रिंगने लागतं आणि वीज मिळाल्यावर सुटतं, म्हणजे मध्येच लाइट गेली तरी बंदच राहतं. एका विक्रेत्याने इथे लाइट कर्टन, म्हणजे हात आडवा आला की मशीन थांबवणारा प्रकाशाचा पडदा, सुचवला होता. हिशोब मांडा: आयएसओ १३८५५ प्रमाणे ५०० मिलिमीटरपेक्षा जास्त अंतरासाठी हाताचा वेग सेकंदाला १६०० मिलिमीटर धरायचा, ३५ सेकंदांना गुणलं की पडदा ५६ मीटर लांब लावावा लागेल. शिवाय उडालेला तुकडा प्रकाशाच्या पडद्याने अडत नाही. झटकन थांबणाऱ्या मशीनला तो चांगला, इथे अजिबात नाही. आणि लॉक कितीही चांगलं असलं तरी पाती बदलताना आयसोलेटरला स्वतःचं कुलूप लावायचंच, रोटरला अडणही घालायची. वीज नसतानाही रोटर स्वतःच्या वजनाने फिरतो.

लेथच्या चकवरचा (जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, पकडून फिरवणाऱ्या भागावरचा) गार्ड पॉलिकार्बोनेटचा, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचा, बिजागरीवर उचलला जाणारा. स्विच बिजागरीतच दडवलाय, ते मला फार आवडलं. वर उचलला की स्पिंडल थांबतो आणि टेप लावायला जागाच नाही. पण चार महिन्यांत शीट धुरकट झाली. बुरा लागलेल्या कॉटन वेस्टने पुसली, वर थिनर मारलं, आणि स्क्रूच्या भोकांभोवती बारीक तडे गेले. विकताना "न फुटणारी" म्हणून दिली होती. नवी असताना ती ॲक्रिलिकपेक्षा कितीतरी चिवट असते हे खरं, पण कटिंग ऑइल आणि थिनरने तिची ताकद कमी होत जाते, आणि दिसायलाही ती अडवू लागली की ऑपरेटर मान वाकडी करून बाजूने जॉब बघायला लागतो. नेमकं तिथूनच बुरा उडतो. शिवाय हा गार्ड बुरा, कुलंट आणि बाही अडकणं एवढ्यासाठी आहे; चकचा जॉ (जॉब पकडणारा जबडा) सुटून आला तर तो अडवेल असं कुणी समजू नये. घेण्याआधी सुटी शीट मिळते का ते विचारा. आमच्या सप्लायरकडे मिळत नव्हती, पूर्ण गार्डच घ्या म्हणाले. शेवटी त्याच जाडीची शीट दुसरीकडून कापून आणली.

ती गेल्या आठवड्यात बसवली. आता साबणाचं पाणी आणि मऊ कापड लेथजवळच टांगलंय, आणि शीट कधी बसवली ती तारीख फ्रेमवर पेंटने लिहून ठेवलीय.