चिठ्ठीवर नाव माझं, डबा भलत्याच गाडीचा

गाडीच्या जुन्या पार्टपायी फसवणुकीत गेले ३३,३१० रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण घरी तो तीन वेळा कमी करून सांगितला आणि तिन्ही वेळा पकडला गेलो. २,००० टोकन, १९,००० अर्धी रक्कम, ४,७५० गेटपास, ७,५६० जीएसटी. चारही वेळा पिन मीच टाकला, स्वतःच्या बोटाने.

माझ्याकडे १९९८ची मारुती जिप्सी किंग आहे, कार्ब्युरेटरवाली. लोक रविवारी क्रिकेट बघतात, मी गाडीखाली असतो. शेजारी विविध भारती, चहाचा कप ग्रीसच्या डब्याला खेटून. कपातून ग्रीस प्यायलोय की डब्यात चहा सांडलाय, याचा हिशेब ठेवत नाही. पाटे मी स्वतः बदललेत, पुढच्या चाकांचे हब उघडलेत, चासीचा सडलेला पत्रा कापून घेतलाय. सांगायचा मुद्दा हा की मी अगदीच अडाणी गिऱ्हाईक नव्हतो. तिथेच तर जास्त लागतंय.

उन्हाळ्यात चाळकेवाडीच्या पठारावर 'लो'मध्ये, म्हणजे चढाच्या जोरकस गिअरमध्ये, टाकली की दांडी आपोआप बाहेर यायला लागली. ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) खोलला तर आतले गिअर दात झिजून चाकूसारखे झालेले. गिअरबॉक्सही तिसऱ्याला किंचाळत होताच. मिस्त्री म्हणाले, एकेक पार्ट शोधत बसण्यापेक्षा दोन्हींचा चालू सेट मिळाला तर बघा. कुर्ल्याला ५५,००० सांगितले, पुण्यात नाना पेठेत दोन दुकानांत 'आला की फोन करतो' एवढंच. गाडी घोडीवर, म्हणजे स्टँडवर, चढवून चार महिने झाले. सोसायटीचे सेक्रेटरी रोज खालून जाताना 'भंगारात किती येतील हो?' विचारायचे. अशा अवस्थेत माणूस स्वस्त सेट बघतो तेव्हा बुद्धीने बघत नाही.

पुढचा प्रकार तुम्हाला माहीत आहेच. जाहिरात, विकणाऱ्याचा फौजी वर्दीतला डीपी, 'आर्मी डिस्पोजल का माल है सर जी, सिर्फ शौकीन लोगों को देते हैं.' पाच गिअरचा बॉक्स आणि ट्रान्सफर केस मिळून ४२,०००. लष्कराकडे जिप्सी हजारोंनी होत्या, तेव्हा गोष्ट पटली. तो माल एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावात निघतो आणि तिथे नोंदणी करून बोली लावावी लागते, हेही मला ठाऊक होतं. मी मनाशी म्हटलं, यानेच घेतला असेल लिलावात आणि आता सुटा विकतोय. प्रत्येक शंकेला मीच उत्तर देत होतो. त्याला काही बोलावंच लागलं नाही.

आणि मी सावध होतो, हे लिहून ठेवा! नुसत्या फोटोवर भुललो नाही. म्हटलं, माझं नाव, 'सातारा' आणि आजची तारीख कागदावर लिही, कागद मालावर ठेव, व्हिडिओ पाठव. रात्री अकराला व्हिडिओ आला. चाळीस सेकंद. वहीचं फाटकं पान, निळ्या पेनाने माझं नाव, तारीख बरोबर, खाली तेलकट डबा. मी झूम करून नावाचं स्पेलिंग तपासलं. दोनदा. मग २,००० पाठवले आणि सकाळी १९,०००. स्क्रीनवर कुठल्यातरी बाईचं नाव आलं. बायकोचं खातं असेल, म्हटलं. (यूपीआयवर दिसणारं नाव बोलणाऱ्या माणसाचं नसेल तर तिथेच थांबा. बायको, मेहुणी, दुकानाचा मुनीम, काहीही सांगू देत.)

मग बिल्टीचा, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीचा, फोटो, मग 'गेटपास, रिफंडेबल' ४,७५०. 'रिफंडेबल' हा शब्द ज्याच्या तोंडून निघाला तो चोर, एवढं पक्कं धरून चाला. मग ई-वे बिलासाठी (माल वाहतुकीचा जीएसटीचा कागद) जीएसटी १८ टक्के, ७,५६०. तेही भरले. पाचव्यांदा इन्शुरन्सचे ५,००० मागितले तेव्हा बायकोने फोन हातातून घेतला. ती मार्केट यार्डात एका पेढीचे हिशेब बघते. म्हणाली, "अहो, बेचाळीस हजार अधिक अठरा टक्के म्हणजे एकोणपन्नास हजार पाचशे साठ. पन्नास हजारांच्या आत ई-वे बिल लागतच नाही. मला विचारायचं तरी." विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर गिअरबॉक्सवर ४२,००० घालतोय हे कळलं असतं.

पहिले पैसे जाऊन तोवर तीन दिवस झाले होते. तुम्ही असं करू नका. शंका आली त्या मिनिटाला १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत. मला तक्रार क्रमांक मिळाला आणि त्या बाईच्या खात्यात २,१४० रुपये गोठले. बाकी पुढे गेलेले.

बँकेत गेलो. "व्यवहार तुम्ही स्वतः केलाय सर." बरं, गोठलेले २,१४० तरी? "कोर्टाचा आदेश आणा." २,१४० साठी वकील लावू? त्या शाखेत माझं खातं एकोणीस वर्षं आहे. मिनिमम बॅलन्स शंभर रुपयांनी खाली गेला तर दुसऱ्या दिवशी मेसेज येतो, तेव्हा यांची यंत्रणा कशी खडबडून जागी असते.

पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी कॉम्प्युटरवाले रजेवर. दुसऱ्या दिवशी, 'आरोपी दिल्लीकडचा, तिकडे तक्रार द्या.' मी झिरो एफआयआर म्हटलं. हद्द कुठलीही असो, तक्रार नोंदवून घ्यायची, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिलंय, तेही सांगितलं. त्यावर साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की कलम मीच मोडलंय. "जिप्सी कुणाची? आर्मीची? तुमच्याकडे कशी आली?" झालं. पुढचा पाऊण तास माझ्याच गाडीची चौकशी. आरसी दाखवा, पंधरा वर्षांनंतरची पुनर्नोंदणी दाखवा, ग्रीन टॅक्सची पावती दाखवा. तिन्हींचे जेरॉक्स, दोन-दोन प्रती. ज्याने पैसे नेले त्याचा नंबर मात्र कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने.

शेवटी साधा अर्ज घ्यायला तयार झाले. मालाचं वर्णन हवं म्हणून व्हिडिओ दाखवला. बाजूला एक हवालदार उभे होते, ड्रायव्हर, निवृत्तीला आलेले. त्यांनी मान वाकडी करून फोनकडे पाहिलं. तीन सेकंद, फार तर चार.

"हा तर जीपचा डबा आहे की, साहेब."

माझे कान गरम झाले. जिप्सीचा ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला जोडलेला नसतोच. तो मागे चासीवर वेगळा बसतो आणि दोघांच्या मध्ये एक आखूड शाफ्ट असतो. जुन्या महिंद्रा जीपचा मात्र गिअरबॉक्सच्या पाठीला बोल्ट करून एकच लोखंडी गठ्ठा असतो. व्हिडिओत तोच गठ्ठा होता. आणि तो आखूड शाफ्ट मी स्वतः काढलाय हो! दोनदा. त्याचे बोल्ट आजही माझ्या बिस्किटाच्या डब्यात आहेत, डब्यावर माझ्याच अक्षरात चिठ्ठी आहे. पंधरा फूट अंतरावर पुरावा पडलेला असताना मी रात्री अकराला अंथरुणात बसून स्वतःच्या नावाचं स्पेलिंग तपासत होतो. चाळीस सेकंदांतली पस्तीस मी कागद बघितला. सावधगिरी म्हणून मागितलेल्या त्या कागदानेच माझे डोळे झाकले. त्याला खोटं काही करावंही लागलं नाही, समोर दिसलेल्या भंगारावर कागद ठेवला आणि मोकळा झाला.

चिठ्ठी मागू नका, मागितलीत तर तिच्याकडे बघू नका. व्हिडिओ कॉल करा, फडक्याने तेल पुसायला सांगा, डबा उलटा करायला लावा, मागचं तोंड दाखव म्हणा. तो कॉल टाळेलच. बिल्टीवरचा फोन नंबर लावू नका, ट्रान्सपोर्टचा नंबर स्वतः शोधा. मीही लावला होता. पलीकडून 'हां जी, माल निकल गया' म्हणणारा आवाज ओळखीचा वाटला होता, पण तेव्हा मला सगळेच आवाज चांगले वाटत होते. आणि विकणाऱ्याच्या शहरात ओळखीचा कोणी जिप्सीवाला असेल तर त्याला पाठवा, पेट्रोलचे पैसे द्या. ३३,३१० पेक्षा कमीच लागतील.

अर्ज देऊन सात आठवडे झाले. ठाण्यातून एकदा फोन आला, आरसीचा जेरॉक्स पुसट आहे म्हणून.

गेल्या रविवारी एका मित्राने व्हिडिओ पाठवला, 'बघ रे, असाच सेट हवा होता ना तुला?' तोच डबा, तीच फरशी, वहीचं तसलंच पान. नाव दुसरं, खाली 'नाशिक'. धडपडून त्या माणसाचा नंबर मिळवला, फोन केला, सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "नाही हो दादा, हा तसला वाटत नाही. त्याने माझ्या नावाची चिठ्ठी ठेवून व्हिडिओ पाठवलाय."