अँटी डंपिंग की सेफगार्ड? टॉवेलवाल्या दाजींसाठी

दाजींचे सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत माग, परवा बाहेरून आलेला टॉवेल माझ्यापुढं आपटून म्हणाले, एवढ्यात माझं सूतपण येत नाय, कुठला अर्ज करू? तर बघा, स्वस्त आयातीवर जादा ड्यूटी लावून घ्यायच्या या दोन वाटा. अँटी डंपिंग म्हणजे बाहेरचे आपल्या देशातल्या भावापेक्षा स्वस्तात इथं माल ओततात त्यावरची ड्यूटी, तिला तोच माल त्यांच्या देशात केवढ्याला विकतात ते दाखवावं लागतं, तिथंच घाम निघतो, शिवाय अर्ज करणाऱ्यांचा मिळून आपल्या देशातल्या उत्पादनात किमान 25 टक्के वाटा हवा, एकट्या दाजींचं काम नाय ते. पण ही ड्यूटी लागली की 5 वर्षांपर्यंत. सेफगार्डला भाव कसाका असेना, आयात अचानक वाढून धंद्याचं गंभीर नुकसान झालं हे दाखवायचं, ड्यूटी बहुतेक सगळ्या देशांवर, 4 वर्षांपर्यंत, हळूहळू उतरत जाणारी. अर्ज दोन्हीचा डीजीटीआरकडेच, म्हणजे केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयातलं अशा तक्रारी तपासणारं खातं. एकाच देशाचा माल नडत असेल तर पहिली, चहूकडून पूर आला असेल तर दुसरी. दाजींच्या टॉवेलवर लेबल एकाच देशाचं होतं.